चार फुटी रीफ टँकला किती लिटरचा पंप लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ४८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २० इंच उंच असा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. काच १० मिमी, खाली संप (गाळणीची टाकी), संपात स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र) आणि पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. आजवर फक्त मासे होते. आता कोरल, म्हणजे प्रवाळ, त्यातही झोआ, लेदर ही मऊ, मग टॉर्च-हॅमर ही दगडी आणि जमलं तर एखादा अ‍ॅक्रोपोरा लावायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, तासाला २०,००० लिटरचा वेव्हमेकर (टँकच्या आत पाणी घुसळणारा पंप) घेऊन टाका, एकदाच काय तो खर्च. एक जुना शौकीन मित्र म्हणतो, रिटर्न पंप आहे ना, त्यातच भागतं. ऐकायचं कोणाचं?

माझ्या मते दोघांचंही नको. या टँकसाठी कमाल ५,००० ते ६,००० लिटर क्षमतेचे, वेग कमी-जास्त करता येणारे दोन डीसी प्रॉपेलर (रुंद पंख्याचे) पंप घ्या आणि ते निम्म्या ताकदीच्या आसपास चालवा. रिटर्न पंपाकडून तासाला १,००० ते १,५०० लिटर पाणी प्रत्यक्ष वर येत असेल तर त्याला हातही लावू नका. घाईत असाल तर उत्तर इथेच संपलं. पण कारणं कळली नाहीत तर पुढच्या दुकानात कोणीतरी वेगळा आकडा सांगेल आणि तुम्ही पुन्हा डळमळाल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पाणी किती ते बघू. तुमच्या मापाचा टँक काठोकाठ भरला तर २८५ लिटरच्या आसपास होतो. वरचे दोन इंच रिकामे, आत दगड आणि वाळू, हे वजा केलं की प्रत्यक्ष पाणी २३०-२४० लिटर. म्हणजे दुकानदाराचा पंप तासाला टँकच्या ऐंशीपटीहून जास्त पाणी फेकणार. नुसती पट बघून घाबरायचं कारण नाही, अ‍ॅक्रोपोराने भरलेल्या टँकमध्ये लोक इतकंही फिरवतात. अडचण आहे ती एवढं सगळं पाणी एकाच तोंडातून, ४६ सेंटिमीटर रुंदीच्या टँकमध्ये सुटण्याची. समोरचा टॉर्च सोलून निघेल आणि दगडामागच्या कोपऱ्यात पाणी तसंच निपचित पडून राहील.

आता मित्राचं म्हणणं. रिटर्न पंपाचं काम पाणी संपातून वर चढवायचं. टँकच्या आत पाणी घुसळायचं काम त्याच्यावर टाकू नये. दोन्ही कामं वेगळी, त्यासाठी लागणारे पंपही वेगळ्या जातीचे. रिटर्न पंपाला उंचीशी झगडायचं असतं, म्हणून तो दाब तयार करतो आणि अरुंद नळीतून पाणी ढकलतो. त्याच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. शेजारी छापलेली कमाल उंची म्हणजे जिथे पाणी यायचं पूर्ण थांबतं ती उंची. तुमचा संप टँकखाली असेल तर पाण्याला साधारण सव्वा मीटर चढायचं आहे, वर दोन-तीन एल्बो आणि नळीचं घर्षण. ३,००० लिटरचा पंप अशा जोडणीत दीड-दोन हजारांवर आला तर तो बिघडलेला नाही, त्याचा स्वभावच तो. पंपाचं तोंड २५ मिमीचं असताना घरात पडलेला २० मिमीचा पाइप जोडणारे बरेच जण भेटतात. तिथे आणखी पाणी मरतं. नक्की किती येतंय ते मोजायचं तर रिटर्नच्या तोंडाशी दहा लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. २० सेकंदांत भरली तर १,८०० लिटर, ३० सेकंदांत भरली तर १,२००. संपाला यापेक्षा जास्त नको. फार वेगाने पाणी गेलं की ओव्हरफ्लो (टँकमधलं पाणी संपात उतरवणारी वाट) घुर्र घुर्र करायला लागतो आणि संपात बुडबुडे जातात, तेच बुडबुडे रिटर्नमधून टँकमध्ये येतात. पदरात काही पडत नाही.

रिटर्नच्या विषयात आहोत तोवर एक गोष्ट सांगून टाकतो. वीज गेली की रिटर्नच्या तोंडातून सायफन लागतो आणि तोंड जितकं खोल, तितकं पाणी संपात उतरतं. तुमच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेपाच लिटर. तोंड पाच सेंटिमीटर बुडलेलं असेल तर २८ लिटर खाली येणार. संपात तेवढी रिकामी जागा नसेल तर खालच्या मजल्यावरच्यांशी ओळख होते. तोंड पृष्ठभागालगत ठेवा, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली नळीला छोटं भोक पाडून ठेवा आणि ते भोक अधूनमधून काडीने साफ करा. पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसला की तो नेमका नको तेव्हा उघडा राहतो.

आता मुख्य विषय, टँकच्या आतला प्रवाह. कोरल एका जागी चिकटलेला प्राणी आहे. श्वास, अन्न, मलविसर्जन यांपैकी कशासाठीही तो जागचा हलत नाही, पाण्यानेच त्याच्याकडे यायचं असतं. त्याच्या त्वचेला लागून जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. या थरातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, कॅल्शियम, फॉस्फेट हे सगळं नुसतं झिरपत येतं-जातं, आणि झिरपणं ही फार मंद गोष्ट आहे. बाहेरचा प्रवाह वाढला की थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. दिवसा कडक प्रकाशात कोरलच्या पेशींतली शैवालं इतका ऑक्सिजन तयार करतात की तो बाहेर पडला नाही तर पेशींनाच बाधतो. म्हणून महागडे दिवे लावून पंपात काटकसर केली की कोरल फिकट पडतं आणि माणूस दिव्याला शिव्या देतो. याच कारणाने अ‍ॅक्रोपोराच्या दाट झुडपात आतल्या फांद्या बुडाकडून पांढऱ्या पडत जातात. पाणी बाहेरच्या बाहेर वळसा घालून निघून जातं, आत शिरतच नाही.

आणि गाळ. कोरल अंगावरचा कचरा चिकट स्रावात गुंडाळून सोडतं, पण तो उचलून न्यायला पाणी हलतं लागतं. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर, हाजी अली-वरळीकडे, गढूळ पाण्यातही प्रवाळांच्या वसाहती आहेत. कोस्टल रोडच्या कामात त्यांतल्या काही परवानगी घेऊन हलवाव्या लागल्या. त्या पाण्यात हातभर खालचं दिसत नाही, तरी प्रवाळ तगतं, कारण दिवसातून दोनदा भरती-ओहोटी तिथलं पाणी खळखळून हलवते. टँकमध्ये भरती-ओहोटी तुम्हालाच आणायची आहे.

किती वेगाचं पाणी हवं? शांत भागातल्या रीफवर सेकंदाला साधारण ५ ते २० सेंटिमीटर, जिथे लाटा फुटतात तिथे याच्या कितीतरी जास्त. इथे खोक्यावरचा लिटरचा आकडा कसा फसवतो ते बघा. तासाला १,८०० लिटर पाणी २० मिमीच्या तोंडातून सोडलं तर तोंडाशी वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जातो. तेच प्रॉपेलर पंपाने ५,००० लिटर, म्हणजे पावणेतीनपट पाणी, सहा सेंटिमीटर व्यासाच्या जाळीतून सोडलं तर वेग अर्ध्या मीटरच्या आसपास. जास्त पाणी, पण मऊ आणि रुंद. पहिला प्रवाह कोरलला चाबकासारखा लागतो, दुसऱ्यात ते डोलतं.

हिशेब इथे संपत नाही. तुमच्या टँकमध्ये वरचं अर्धं पाणी डावीकडून उजवीकडे आणि खालचं अर्धं परत डावीकडे, असं सेकंदाला १० सेंटिमीटरने फिरवायचं ठरवलं तर आडव्या छेदाच्या हिशेबाने तासाला ३७,००० लिटर पाणी हलायला हवं. मग ५-६ हजारांचे दोन पंप कसे पुरतात? कारण सुटलेला प्रवाह शेजारचं पाणी ओढत नेतो आणि एकदा चक्र सुरू झालं की पंपाला फक्त घर्षणाने गेलेलं भरून काढायचं असतं. रुंद तोंडाचा पंप हे ओढून नेण्याचं काम चांगलं करतो, अरुंद धारेची शक्ती थोड्या अंतरात खळखळाटातच वाया जाते. त्यामुळे दोन पंपांवर तोच आकडा छापलेला असला तरी टँकमध्ये त्यांचा परिणाम वेगळा असतो. ‘इतके पट पाणी फिरवा’ हे सूत्र त्यामानाने ढोबळ आहे. सुरुवातीला अंदाज बांधायला ठीक, भांडायला नाही.

तरी अंदाज देतो. मशरूम, लेदर, झोआ अशा मऊ कोरल्सना तासाला १० ते २० पट पुरे. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन, म्हणजे मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलचं एकेक तोंड) दगडी कोरल्स, यांना २० ते ३० पट, तीही थेट अंगावर नको. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा अशा लहान पॉलिपच्या मंडळींना ४० पट आणि पुढे. तुमच्या २४० लिटरला २५ पट म्हणजे ६,००० लिटर, ४० पट म्हणजे ९,६००. दोन पंपांची मिळून क्षमता १०-१२ हजार ठेवली तर आज निम्म्यावर चालवून टॉर्च सुखात राहतो आणि उद्या अ‍ॅक्रोपोरा आणला तर नवीन पंप न घेता बटण वाढवता येतं. कमी वेगावर चालणारा पंप आवाज कमी करतो आणि जास्त टिकतो, हा वरचा फायदा.

लेदरबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याला ‘कमी फ्लोवालं’ म्हणून कोपऱ्यात ठेवायची पद्धत आहे. लेदर अधूनमधून मिटून बसतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि मग तो पापुद्रा सुटतो. पाणी हलतं असेल तर दोन-चार दिवसांत काम उरकतं. पाणी निपचित असेल तर पापुद्रा तसाच चिकटून राहतो, त्यावर शैवाल बसतं आणि खालचं मांस सडायला लागतं. टॉर्च-हॅमरचं उलट. त्यांचं मांस ज्या सांगाड्यात बसलेलं असतं त्याच्या पात्या सुरीसारख्या धारदार असतात. सतत एकाच बाजूने जोराची धार लागली की मांस त्या कडांवर घासून फाटतं, आणि जखमेत तपकिरी जेलीसारखा रोग शिरला की एका रात्रीत पूर्ण डोकं जातं. लांब शेंडे सगळे एकाच दिशेला ताणलेले, बुडाशी सांगाड्याची कड दिसतेय, असं चित्र असेल तर त्याच दिवशी पंपाची मान वळवा. शेंडे कधी इकडे कधी तिकडे, आळसावल्यासारखे डोलत असतील तर जमलं.

पंपांच्या जाती बघू. सर्वात स्वस्त म्हणजे चुंबकाने काचेला चिकटणारे एसी वेव्हमेकर. सनसन वगैरे चिनी कंपन्यांचे हे पंप आपल्याकडे कुठल्याही मासेवाल्याकडे मिळतात. पाणी भरपूर टाकतात, पण चालू किंवा बंद एवढंच. वेग बदलता येत नाही. टायमरने चालू-बंद करत बसलात तर प्रत्येक वेळी सुरू होताना पंखा खडखडतो, आणि तो रोज शेकडो वेळा खडखडला तर फार दिवस टिकत नाही. मऊ कोरल्सच्या टँकला असे दोन पुरतात. पैसे मोजून खर्चायचे असतील तर इथून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

त्यावर डीसी प्रॉपेलर पंप. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीच्या टुन्झेने प्रॉपेलरवाले ‘स्ट्रीम’ पंप आणले आणि रीफ टँकमधल्या प्रवाहाची कल्पनाच बदलली. त्याआधी लोक अरुंद धारेचे चार-चार पावरहेड (पाण्यात बुडवायचे छोटे पंप) कोपऱ्यांत टांगत. आज टुन्झेचे नॅनोस्ट्रीम, एआयचे नीरो, जेबाओचे कंट्रोलरवाले पंप हे सगळे याच कुळातले. किमतीत फार मोठी दरी आहे. स्वस्त जेबाओ आणि महाग टुन्झे यांच्यात पाण्याच्या हालचालीचा फरक किमतीच्या फरकाएवढा नाही; आवाज, टिकाऊपणा आणि सुटे भाग यांचा आहे. म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: याचा इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) वेगळा मिळतो का, आणि तुमच्याकडे आत्ता आहे का? ‘मागवून देतो’ हे उत्तर मी नाही असंच धरतो.

तिसरी जात म्हणजे मोटर काचेबाहेर आणि पंखा आत, दोघांना जोडणारं फक्त चुंबक. इकोटेकचे व्होर्टेक असे असतात. वायर पाण्यात नाही, मोटरची उष्णता पाण्यात नाही, आत दिसतो तो भाग लहान. पण काचेच्या जाडीला मर्यादा आहे. सर्वात छोट्या एमपी१० ची मर्यादा साधारण तुमच्याच १० मिमी काचेइतकी, म्हणजे काठावरची; एमपी४० जाड काचेलाही चालतो आणि कमी वेगावर तुमच्या टँकला होईल. बाहेरची मोटर गुणगुणते. टँक झोपायच्या खोलीत असेल तर आधी कोणाकडे तरी चालू असलेला ऐकून या.

चौथी जायर जातीची, मॅक्सस्पेक्टने लोकप्रिय केलेली. लांबट पिंजऱ्यात फिरणारे पंखे पाण्याची रुंद, सपाट चादर सोडतात. ती पृष्ठभागालगत समोरच्या काचेपर्यंत जाते, खाली वळते आणि तळाने परत येते. लांब टँकला अप्रतिम. पण पिंजऱ्यात शैवाल आणि कॅल्शियम लवकर अडकतं आणि साफ करायला पंप पूर्ण खोलावा लागतो. ज्यांना हे काम आवडत नाही त्यांच्याकडे दोन महिन्यांत जायर निम्म्या ताकदीवर आलेला असतो. तुमच्या चार फुटी टँकला एका बाजूला छोटा जायर आणि दुसऱ्या बाजूला साधा प्रॉपेलर पंप हीसुद्धा छान जोडी होईल. मी मात्र पहिल्यांदा कोरल लावणाऱ्याला दोन एकसारखे पंप घ्यायला सांगतो. सुटे भाग एकच, कंट्रोलरची भाषा एकच, आणि एक बंद पडला तरी दुसऱ्यावर टँक आठवडाभर निघतो. एकच मोठा पंप घेतला आणि तो रविवारी रात्री बंद पडला तर काय, याचं उत्तर ‘एकदाच काय तो खर्च’ म्हणणाऱ्यांकडे नसतं.

जागा निवडणं पंप निवडण्याइतकंच महत्त्वाचं. दोन पंप दोन आखूड बाजूंना, पाण्याच्या उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागात, समोरच्या काचेकडे किंचित तिरपे. दोघे अगदी समोरासमोर नकोत. एक थोडा वर, एक थोडा खाली. पृष्ठभागाच्या फार जवळ लावला तर भोवरा करून हवा ओढतो आणि टँकभर बारीक बुडबुडे होतात, म्हणून वर चार-पाच इंच पाणी राहू द्या. वरची धार पृष्ठभाग थरथरत ठेवेल इतकी वर वळलेली असावी. वायूंची देवाणघेवाण तिथेच होते. एसीसाठी दारं-खिडक्या बंद करून बसणाऱ्या फ्लॅटमध्ये खोलीतलाच कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. मग पृष्ठभाग कितीही हलवला तरी पीएच खालीच राहतो, आणि लोक त्यासाठी आणखी मोठा पंप घेतात. तिथे खिडकी उघडायची किंवा स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढायची.

दगड भिंतीला टेकवून रचले असतील तर आधी ते सोडवा. मागे तीन-चार इंचाची वाट आणि मधे एखादी खिंड ठेवलीत तर निम्मे मृत कोपरे पंप न वाढवता नाहीसे होतात. मृत कोपरा ओळखायला सोपा. तिथे वाळूवर करडा गाळ साचतो आणि पुढे त्यावर लाल-जांभळी, चिकट सायनोची (एका प्रकारच्या जिवाणूंची) साय धरते. सायनो फक्त प्रवाहाने येत नाही की जात नाही, पण दर वेळी त्याच जागी येत असेल तर त्या जागेचं पाणी हलत नाही हे नक्की.

प्रवाह डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोक अंदाजाने पंप फिरवत बसतात. एका अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीला बोटभर लांबीचे दोरे दोन-दोन इंचांवर बांधा आणि ती पट्टी टँकमध्ये उभी धरून हळूहळू सरकवा. दोरा एकीकडे ताठ उभा राहिला तिथे थेट धार आहे, टॉर्च तिथे नको. दोरा फडफडत दिशा बदलतो तिथे अ‍ॅक्रोपोरा. दोरा लोंबतो तिथे मशरूम, किंवा पंप वळवायची गरज. वेग हवा असेल तर विरघळलेल्या फ्रोझन मायसिसची (माशांना घालायच्या बारीक झिंग्यांची) चिमूट सोडा आणि एक कण ६० सेंटिमीटर जायला किती सेकंद घेतो ते मोजा. सहा सेकंद म्हणजे सेकंदाला १० सेंटिमीटर, मिश्र टँकच्या मोकळ्या पाण्यासाठी छान. ही चाचणी दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा करा, कारण कोरल वाढलं की स्वतःच भिंत बनतं आणि कालची रचना आज लागू राहत नाही.

कंट्रोलरवर दहा प्रकारचे मोड असतात. त्यातले तीन उपयोगाचे: दोन पंप आलटून-पालटून चालणं, यादृच्छिक वेग, आणि अन्न देताना दहा मिनिटं थांबणं. एकाच दिशेच्या सतत प्रवाहापेक्षा दिशा बदलणारा प्रवाह फांद्यांच्या आत खोल पोहोचतो, म्हणून आलटून-पालटून सर्वात चांगला. मी साधारण काही मिनिटं इकडून, काही मिनिटं तिकडून असं लावतो, मधे थोडा वेळ दोन्ही. रात्री वेग थोडा उतरवायला हरकत नाही, पण पंप बंद करू नका. रात्री शैवालं ऑक्सिजन बनवत नाहीत, सगळेच तो वापरत असतात.

पल्स मोडने टँकभर लाट उसळवायचा मोह होईल. चार फुटी टँकमध्ये पाणी सव्वा ते दीड सेकंदाच्या तालात स्वतःच झुलतं. पंपाचा ताल त्याच्याशी जुळवला की छोटा पंपही दोन इंचांची लाट उभी करतो. बघायला सुरेख, पाहुण्यांसाठी उत्तम. पण प्रत्येक झोल्याला सिलिकॉनचे सांधे आणि खालचा स्टँड ताण खातात. वर पट्टी नसलेला टँक असेल तर हा मोड विसरून जा.

वाळू फार बारीक असेल तर यातलं काही जमणार नाही. अर्ध्या मिलिमीटरची साखरेसारखी वाळू २५ पटीलाच उडून कोरलवर बसते. १ ते २ मिमीची घ्या. आत्ता बारीक असेल तर एकदम सगळी काढू नका, तिच्यात दडलेला गाळ उठून मासे धोक्यात येतात. पाणी बदलताना सायफनने थोडी थोडी कमी करा.

आता आपल्याकडचे प्रश्न, जे परदेशी सल्ल्यांत सापडत नाहीत. उन्हाळा पहिला. पाण्यात बुडालेल्या पंपाची वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. ३० वॅटचा पंप म्हणजे टँकमध्ये ठेवलेला ३० वॅटचा हीटर, शिवाय महिन्याला साडेएकवीस युनिटं. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात टँक २९-३० अंशांकडे सरकतो तेव्हा जुने एसी पावरहेड काढून कमी वॅटचे डीसी पंप लावले तर पाणी थंड करणाऱ्या चिलरचा भार उतरतो. गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी, २८ अंशांना लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आत. म्हणून उन्हाळ्यात वीज गेली की मासे हिवाळ्यापेक्षा लवकर पृष्ठभागाशी येतात.

वीज जाणं दुसरा प्रश्न. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात; साइन वेव्ह असेल तर ठीक. डीसी पंपाचा फायदा इथेच. काहींना थेट बॅटरी जोडायची सोय असते आणि वीज जाताच ते आपोआप कमी वेगावर जातात. १० वॅटवर चालणारा पंप १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासाच्या छोट्या बॅटरीवर चार-पाच तास काढतो. पंप १२ व्होल्टचा आहे की २४ चा, ते आधी बघा. टँक वाचवायला एक पंप पुरतो, दिवे आणि स्किमर नंतरही चालतील.

तिसरा प्रश्न शॉकचा. खाऱ्या पाण्यात तडा गेलेल्या पंपातून करंट उतरतो, आणि गुंडाळीचं तांबं विरघळून झिंगे-गोगलगायी मरतात ते वेगळंच. टँकच्या लाइनवर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर पंपाआधी तो बसवा. वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवा म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही. डीसी अ‍ॅडॅप्टर संपाच्या कपाटात ठेवू नका. तिथल्या खारट वाफेने, आणि पावसाळ्यात तर हमखास, पिनांवर हिरवा गंज चढतो. पंपांपेक्षा अ‍ॅडॅप्टर जास्त मरतात.

सफाईला फार डोकं लागत नाही. तीन महिन्यांतून एकदा पंप काढून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास चालवा, किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवा. खडूसारखा थर सुटला की मऊ ब्रशने इम्पेलर आणि त्याची पोकळी घासा. इम्पेलर बोटाने हलवून बघा. टकटक वाजत असेल तर बूश (पंख्याच्या दांड्याचा आधार) झिजलाय. चुंबकाचं आवरण फुगलं किंवा चिरलं असेल तर तो इम्पेलर पुन्हा पाण्यात जाता कामा नये. टँकमध्ये अ‍ॅनिमोनी ठेवणार असाल तर पंपाला जाळी किंवा स्पंजचं आवरण हवंच. अ‍ॅनिमोनी रात्री चालत जाऊन पंपात शिरतो आणि सकाळी त्याचा चुरा सगळ्या टँकला विषासारखा लागतो.

आणि अ‍ॅक्रोपोराचा विचार आहे म्हणून आठवण करून देतो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सर्व दगडी कोरल्सना २००१ पासून संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून काढलेलं कोरल किंवा त्याच्या सांगाड्याचा दगड बाळगणं हा गुन्हा आहे, मग तो दुकानात कितीही उघडपणे मिळत असो. टॉर्च-हॅमरही दगडी कोरल्सच आहेत. परदेशातून आयात केलेलं म्हणून विकत असतील तर कागद मागा. कागद नसेल तर झोआ-लेदरवर थांबा. तेवढ्यासाठी २० पट पाणी पुरतं आणि दोन छोटे पंपही बास होतात.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आरसीसीबी, मग एक पंप, मग दगडांची रचना मोकळी करणं. एका पंपावर पंधरा दिवस दोरा फिरवून मृत कोपरे कुठे राहतात ते बघा आणि दुसरा तसलाच पंप त्या कोपऱ्यांच्या हिशेबाने लावा. दोन्ही घेताना सोबत एक जादा इम्पेलर घ्या, आणि तो टँकखालच्या कपाटात नको, घरात कोरड्या जागी ठेवा.